एका चिवट पदार्थाचे समीक्षण

समीक्षक होण्यासाठी माणसाच्या अंगी काय असावं लागतं, हा प्रश्न मला कॉलेजात फार छळत असे. पुढे मी बी. कॉम. झालो आणि प्रश्न आपोआप निकालात निघाला. ताळेबंदाचं रसग्रहण कुणी करायला सांगत नाही. पण बँकेत वीस वर्षं काढल्यावर ध्यानात आलं की समीक्षा आणि कारकुनी यांत तसा मोठा फरक नाही. दोन्हीकडे आपण स्वतः काही निर्माण करत नाही, आणि दुसऱ्याच्या सहीकडे मात्र डोळे बारीक करून बघतो. शिवाय मी राहतो तळेगाव दाभाड्याला. ज्या गावात गो. नी. दांडेकर राहिले, त्या गावात राहून माणसाच्या हातून चार ओळीही खरडल्या जाऊ नयेत, म्हणजे नळाचं पाणी अंगी लागलं नाही असंच म्हणायचं.

तेव्हा हे माझं पहिलंच समीक्षण. विषय खाण्याचा आहे. खाण्याच्या बाबतीत घरात माझ्या समीक्षेला मज्जाव असल्यामुळे ती छापायला देण्यावाचून गत्यंतर नाही.

त्याचं असं झालं. माझा भाचा अमेरिकेत, न्यू जर्सीला असतो. गेल्या डिसेंबरात तो आला. पहाटे मुंबईला विमानतळावर उतरला, टॅक्सीने तळेगाव गाठलं, मामीच्या हातचे पोहे दोनदा मागून घेतले आणि बॅग सताड उघडी टाकून झोपी गेला. तिकडे रात्र होती म्हणे. उघड्या बॅगेवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी अर्थातच घरातल्या कर्त्या पुरुषावर येते. मी लक्ष ठेवलं. नेहमीची चॉकलेटं होती, बदामाचा डबा होता, अंगाला लावायचे वास होते. आणि चॉकलेटांच्या खाली एक पाकीट होतं. पाकिटावर डोंगर, सुरूसारखी झाडं आणि मागे मावळणारा सूर्य. लोणावळ्याला टायगर पॉइंटवर फोटो काढून घेतो ना आपण, तसा देखावा. आत तपकिरी रंगाच्या, वाळवलेल्या, बोटभर रुंदीच्या पट्ट्या.

"फणसपोळी दिसतेय," सौ. म्हणाली.

"अमेरिकेत फणस?"

"अहो, आता सगळं मिळतं तिकडे."

हे मला पटलं. चष्मा शेजारच्या खोलीत होता आणि पट्टी हातात होती. जी वस्तू जवळ असते तिचा विचार माणूस आधी करतो. मी पट्टी तोंडात टाकली. सौ.ची त्या दिवशी चतुर्थी होती, हे तिचं नशीब.

आता समीक्षण. पहिली चव गोडसर. पाठोपाठ मिरपूड, मग मीठ, आणि अगदी मागून, चुलीपाशी बसून जेवल्यावर अंगाला जो वास येतो तो धुराचा वास. पण खरा गुण चवीचा नव्हे, चिवटपणाचा. आम्ही लोणावळ्याच्या शेजारचे लोक. आमचे दात चिक्कीवर वाढले. पण चिक्की हा सरळ स्वभावाचा पदार्थ आहे. एकदा कडकन भांडण झालं की संपलं. हा पदार्थ सरकारी कचेरीसारखा होता. नाही म्हणत नाही, पण कामही होऊ देत नाही. चावलं की दबतो, सोडलं की पूर्ववत. मी दाराशी उभा राहून चावलं, गॅलरीत जाऊन चावलं, खालून जाणाऱ्या शेजाऱ्यांना नुसती मान हलवून नमस्कार केला. दहा मिनिटांनी तो घशाखाली उतरला, तेव्हा माझं प्रामाणिक मत असं झालं की ही फणसपोळी आजवरच्या सर्व फणसपोळ्यांत उजवी आहे. मी दुसरी पट्टी काढली.

तेवढ्यात कन्या आली. तिने पाकीट उलटं करून वाचलं. नव्या पिढीला वाचनाची आवड नाही असं म्हणतात ते खोटं आहे.

"बाबा, ही जर्की आहे."

"म्हणजे कुठल्या जातीचा फणस?"

"बीफ जर्की, बाबा. बीफ!"

वाचकहो, त्यानंतर आमच्या घरात जी शांतता पसरली, तशी मी फक्त एकदाच अनुभवली आहे. कॅश चाळीस हजारांनी कमी भरली होती तेव्हा. सौ.ने पाकीट चिमट्याने उचललं. त्यातून एक छोटी पांढरी पुडी खाली पडली. ती असते ओलावा शोषून घेण्यासाठी, पण तिच्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'डू नॉट ईट'.

"एवढं स्पष्ट लिहिलंय," सौ. म्हणाली, "तरी खाल्लंत!"

गलक्याने भाचा जागा झाला. "मामा, ते माझं जिमचं होतं!" एवढंच त्याला दुःख. मग त्याने डोळे चोळत मला प्रथिनांवर व्याख्यान दिलं. एका औंसात दहा-बारा ग्रॅम प्रोटीन, चरबी जवळजवळ नाही, फ्रीज लागत नाही, खिशात ठेवा आणि डोंगर चढा. अंतराळवीरांनीसुद्धा हे बरोबर नेलंय म्हणाला. गोमांस कुठल्याही रूपात आपल्या देशात आयात करायलाच बंदी आहे, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. व्याख्यान देणाऱ्याला एवढी सूट असतेच.

माझी अडचण वेगळी होती. मला मळमळायला हवं होतं, आणि मळमळत नव्हतं. मी आरशासमोर जाऊन तसा चेहरा करून पाहिला. जीभ तीच, पोट तेच, घशाखाली उतरलेली पट्टीही तीच. पाच मिनिटांपूर्वी ती उजवी होती आणि आता ती पाप होती. मधल्या वेळात घडलं काय, तर कन्येने लेबल वाचलं. म्हणजे चव जिभेवर असते की पाकिटाच्या पाठीवर? समीक्षकाला हा प्रश्न पडायलाच हवा. मलाही पडला, पण पाकिटाचं करायचं काय, हा त्याहून तातडीचा होता. घंटागाडी आली. ओला कचरा की सुका, यावर आमच्यात दोन पक्ष पडले. पदार्थ सुका होता यात वाद नव्हता. शेवटी "तुम्हीच न्या बाहेर कुठे तरी" असा हुकूम झाला आणि ते पाकीट माझ्या बँकेच्या पिशवीत, डब्यापासून शक्य तितकं लांब, ठेवण्यात आलं.

बँकेत ते मी आमच्या हेडकॅशियरना दाखवलं. त्यांचं नाव सांगत नाही, तशी त्यांची अट आहे. गृहस्थ मूळचे धाराशिव जिल्ह्यातले. सोळा वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खातो. त्यांना दाखवायचं कारण एवढंच की ते कुणाला काही सांगत नाहीत. नोटा मोजणारा माणूस बोलत सुटला तर आकडा चुकतो. मी त्यांना फणसपोळीचा सगळा किस्सा रंगवून सांगितला. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी एक पट्टी काढली, उजेडाकडे धरली, पाचशेची नोट धरतात तशी. वास घेतला. मग हसले, पण किस्स्याला नव्हे.

"हे तर आमच्या चान्या की हो," ते म्हणाले.

मला शब्द माहीत नव्हता. त्यांनी सांगितलं. गावात जनावर मेलं की ओढून न्यायचं काम त्यांच्या पूर्वजांचं. मोबदला म्हणून मांस त्यांचं. मांस एका दिवसात फार यायचं आणि मग कितीतरी दिवस यायचं नाही. फ्रीज कुठला? मग उरलेल्या मांसाच्या लांब लांब पट्ट्या कापायच्या, मीठ असलं तर मीठ लावायचं, आणि दोरीवर उन्हात वाळत घालायच्या. लहान पोरांनी कावळे हाकायचे. कडकडीत वाळल्या की मडक्यात भरून ठेवायच्या. पावसाळ्यात हाताला काम नसलं की चार चान्या काढून निखाऱ्यावर भाजायच्या, नाही तर कालवणात टाकायच्या. त्यांची आजी त्यांना एखादी चानी भाजून द्यायची. ती गालात धरून शाळेत गेलं की दुपारपर्यंत भूक लागत नसे.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. मला एकदम कळलं. "म्हणजे मुदत ठेव!" मी म्हणालो.

"हां. पण व्याज नाही. उलट तीन किलोचं एक किलो व्हायचं."

तो घसारा झाला. जर्कीचा हिशेबही अगदी हाच आहे, हे मी नंतर वाचून काढलं. एक किलो जर्की व्हायला अडीच-तीन किलो मांस लागतं, बाकीचं पाणी उडून जातं. पाणी गेलं की कुजवणाऱ्या जंतूंना थारा उरत नाही, मीठ त्यांचा राहिलेला धीर सोडवतं, एवढंच त्यातलं शास्त्र. 'जर्की' हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, तिथल्या केचुआ भाषेतल्या 'चार्की' वरून आलेला. दक्षिण आफ्रिकेत हिची बहीण आहे, तिला बिल्टाँग म्हणतात, तिला सिरका आणि धने लावतात. अमेरिकेत हौशी माणसं घरीसुद्धा करतात. मांस अर्धवट गोठवायचं म्हणजे सुरी नीट चालते, पाव इंचाच्या पट्ट्या कापायच्या, सोया सॉसमध्ये रात्रभर मुरवायच्या, मग भट्टीत नाही तर वाळवणीच्या यंत्रात ठेवायच्या. तिथलं सरकार सांगतं की वाळवण्याआधी मांस आतून ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापू द्या, म्हणजे जंतू मरतात. हेडकॅशियरांच्या आजीकडे थर्मामीटर नव्हता. मराठवाड्याचं ऊन होतं आणि नंतर निखारा होता.

थोडक्यात, आमच्या गच्चीवर एप्रिलमध्ये सौ. ज्या कुरडया, सांडगे आणि पापड घालते, त्याच कुळातला हा पदार्थ. ऊन तेच, दोरी तीच, कावळेही तेच. तरी सांडगे गच्चीवर वाळतात आणि साऱ्या सोसायटीला दिसतात. चान्या कुणाला दिसल्या नाहीत. निदान मला सोळा वर्षांत दिसल्या नाहीत.

"पण तुमच्या डब्यात तर नेहमी पोळी आणि मटकीची उसळ असते," मी म्हणालो.

"तो ऑफिसचा डबा आहे," ते सहज म्हणाले. "ऑफिसचा डबा वेगळा असतो आमच्यात."

हे ते अगदी "उद्या सेकंड सॅटर्डे आहे" अशा सुरात म्हणाले. मला मात्र घास गिळवेना. पहिली पट्टीसुद्धा एवढी अडकली नव्हती. सोळा वर्षं मी या गृहस्थांच्या डब्यातली उसळ हक्काने चमचा घालून घेत आलो, आणि वर "तुमच्याकडे मसाला जरा बेताचाच असतो हो" अशी समीक्षाही करत आलो. ती उसळ त्यांच्या घरची नव्हतीच. ती आमच्यासाठी केलेली होती. घरी जे शिजायचं ते झाकलेलं, आणि टेबलावर जे उघडायचं ते आमच्या नाकाला सोसेल असं. माझा भाचा जी वस्तू डोंगराचं चित्र छापलेल्या पाकिटात घालून सात समुद्र ओलांडून खुशाल आणतो, ती धाराशिवहून तळेगावपर्यंत येऊ शकली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक पुस्तक आणून दिलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म'. २०१५ साली निघालेलं. २०२४ साली भूषण कोरगावकरांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि मग ते बड्या लोकांच्या टेबलावर गेलं. मराठी पुस्तकाचं हे नेहमीचंच. जर्कीसारखं तेही परदेशी पाकिटात आलं की आपल्याला रुचतं.

आता समीक्षणाचा उत्तरार्ध. हे मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्यापिण्याचं पुस्तक आहे. 'पूर्ण'च्या मागे 'अ' लावण्यात अर्धं पुस्तक आहे. ताटावर बसून आपण लहानपणापासून जे म्हणत आलो, ते कुणाच्या ताटाकडे पाहून म्हटलं गेलं, हा लेखकाचा सवाल. सात्त्विक, राजस, तामस अशी अन्नाची प्रतवारी करणाऱ्यांनी कोणत्या माणसांची प्रतवारी केली, हा त्याच्या पोटातला दुसरा सवाल. आणि मग पाककृती. आमच्या घरात पाककृतींची पुस्तकं आहेत. त्यांत पहिली ओळ 'साहित्य' अशी असते, आणि खाली दोन वाट्या तूप, पाव वाटी काजू, केशराच्या चार काड्या. इथे तूप जवळजवळ नाही, तेल बेताचं, दूध-दुभतं क्वचित. साहित्य म्हणजे जे हाती लागेल ते. मला वाटतं, मराठीत 'साहित्य' या शब्दाचे दोन अर्थ आहेत ते उगाच नव्हेत. ज्यांचं एक साहित्य पुस्तकात आलं नाही, त्यांचं दुसरंही फार उशिरा आलं.

पुस्तक रडत नाही, हा त्याचा मोठा गुण. कुठला भाग कसा कापावा, काय किती शिजवावं, हे लेखक इतक्या निवांतपणे सांगतो की वाचता वाचता आपणच बेचैन होतो. मला ते एका बैठकीत वाचवलं नाही. मी तळेगाव-पुणे लोकलमध्ये, कव्हर न काढता, पंधरा दिवस वाचलं. कव्हर का काढलं नाही, हे विचारू नका. मीही स्वतःला विचारलं नाही.

पुस्तक वाचून मी भारावलो. भारावलेला मध्यमवर्गीय हा फार धोकादायक प्राणी. हेडकॅशियरना म्हणालो, "काय थोर परंपरा हो तुमची! हे सगळं पुन्हा सुरू व्हायला पाहिजे. चान्यांची पाकिटं करून विकली पाहिजेत."

त्यांनी नोटांचं बंडल खाली ठेवलं. "साहेब," ते म्हणाले. एरवी ते मला साहेब म्हणत नाहीत. "बाबासाहेबांचा बंगला आहे ना तळेगावात? कधी गेलाय तुम्ही?"

मी गेलो नव्हतो. गावातलंच ठिकाण म्हटल्यावर जायचं राहून जातं.

"१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा. आमच्या आजोबांपर्यंत ते यायला काही वर्षं गेली, पण आलं त्या दिवशी त्यांनी मडकं फोडलं. कामही सोडलं. लई उपास काढले त्यापायी. आजीला मात्र चव विसरता आली नाही. ती पुढे बाजारातनं मांस आणून वाळवायची आणि आजोबा तिच्याशी बोलायचे नाहीत. आता तुम्ही मला सांगा, यातलं कोण बरोबर?"

मी बी. कॉम. आहे. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत अशी मला सवय. इथे दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि जुळत नव्हत्या. आजोबांचं सोडणं हा स्वाभिमान होता. आजीचं न सोडणं हीसुद्धा स्वतःच्या हातच्या चवीची बूजच होती. पुढे सरकारही या प्रकरणात आलं. गाईच्या कत्तलीला महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने बंदी आलीच होती, २०१५ साली राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हशी-रेडे तेवढे बाहेर राहिले. पाटोळ्यांचं पुस्तक आणि हा कायदा एकाच सालचे. म्हणजे ज्या वर्षी चान्या छापल्या गेल्या, त्याच वर्षी त्यांचा कच्चा माल बहुतांशी बेकायदा झाला. योगायोग म्हणून नोंद करतो, टिप्पणी करत नाही. मला अजून पंधरा वर्षं नोकरी आहे.

मला त्यांच्या बोलण्यातून एक कळलं ते समीक्षक या नात्याने नोंदवून ठेवतो. जर्की हा स्नॅक आहे. स्नॅक म्हणजे दोन जेवणांच्या मधलं खाणं. ते ज्याला दोन जेवणं आहेत त्यानेच खावं. चान्या मधलं खाणं नव्हत्याच. त्या जेवणाच्या जागी होत्या. दोन्ही पदार्थ रंगाने, वासाने, चिवटपणाने सख्खे भाऊ, पण एक पोट भरल्यावर चघळायचा आणि दुसरा पोट भरलेलं नाही हे विसरण्यासाठी. पाकिटावर हे छापता येत नाही, म्हणून तिथे डोंगर छापतात.

"ते राहू द्या," हेडकॅशियर म्हणाले. "आणलेलं पाकीट कुठाय?"

ते पंधरा दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये, जुन्या पासबुकांखाली, पडून होतं. फेकायला धीर झाला नव्हता. त्यांनी त्यातली एक पट्टी तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत बसले. लंच अवर संपेपर्यंत चावत होते. मी निकालाची वाट पाहत होतो.

"साखर फार आहे," शेवटी ते म्हणाले. "आणि धूर बाटलीतला वाटतोय. आजी असती तर कावळ्यांना घातलं असतं."

माझ्या चार पानी समीक्षणापेक्षा हे जास्त नेमकं आहे, हे मला मान्य आहे.

मी त्यांना म्हटलं, "एकदा घरचा डबा आणा." ते काही बोलले नाहीत. दोन सोमवार गेले. तिसऱ्या सोमवारी त्यांनी झाकण काढलं तेव्हा वास सगळ्या टेबलावर गेला. चान्या नव्हत्या. ज्वारीची भाकरी होती, कांदा होता आणि लसूण घालून परतलेली सुकट होती. आमच्या टेबलावर सहा जण. एकाने आपला डबा उचलला आणि "जरा फोन करायचाय" म्हणून तो पलीकडे गेला. दोघांनी खिडकी उघडली. मी उठलो नाही, पण वाचकहो, खोटं कशाला सांगू, नेहमी हक्काने पुढे जाणारा माझा चमचा त्या दिवशी एक मिनिटभर हवेतच थांबला. हेडकॅशियरांनी ते पाहिलं. नोटा मोजणाऱ्याची नजर, ती चुकत नाही. ते काही म्हणाले नाहीत, डबा फक्त इंचभर माझ्याकडे सरकवला. मग मी घेतली.

सुकट झणझणीत होती. डोळ्यांतून पाणी आलं. "तुमच्याकडे मसाला बेताचा असतो," हे वाक्य मी जाहीरपणे मागे घेतो.

संध्याकाळी सौ.ने डबा घासायला घेताना विचारलं, "आज कसला वास येतोय?" मी म्हटलं, "हेडकॅशियरांच्या घरचा." ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "मग रिकामा नका नेऊ उद्या, सांडगे देते तळून." सौ.ने अशी देवाणघेवाण आपण होऊन सुरू केल्याला आमच्या घरात दुसरा दाखला नाही.

भाचा परत गेला. परवा त्याचा फोन आला, "मामा, पुढच्या वेळी काय आणू?" मी म्हटलं, काहीही आण, फक्त बॅगेला कुलूप लाव. डब्याचं लेबल मी आताशा वाचत नाही. चेकवरची सही मात्र अजून तशीच डोळे बारीक करून तपासतो. तिथे चूक झाली तर पगारातून कापून घेतात.